प्रोसेसर आधी ओळखा, मग वेग मागा

तत्त्वज्ञानाच्या माणसाने लॅपटॉपवर बोलावं, याची काहींना गंमत वाटेल. पण गेल्या मे महिन्यात एक विद्यार्थी घरी आला आणि प्रश्न माझ्या विषयातलाच निघाला. वडिलांच्या कांद्याच्या पट्टीतून त्याने जुना लॅपटॉप घेतला होता. तो फार रखडायचा. कुणीतरी सुचवलं होतं, ओव्हरक्लॉकिंग कर. म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळव.

मी म्हटलं, आधी हा प्रोसेसर कोण, ते पाहू. बाहेरच्या स्टिकरवर ‘आय ७’ होतं. न्यायशास्त्र शब्दाला प्रमाण मानतं, पण तो आप्ताचा, म्हणजे विश्वासू जाणकाराचा शब्द. स्टिकर काय, कुणीही चिकटवतो! विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’ पाहा. तिथलं नाव चिपमधूनच वाचलेलं असतं.

निघाला ‘कोअर आय ५-८२५०यू’. यातला ८ म्हणजे आठवी पिढी. शेवटचं ‘यू’ सर्वांत महत्त्वाचं: कमी विजेवर चालणारा, १५ वॉटचा. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, गरज पडली की हा स्वतःहून ३.४ पर्यंत जातो. त्यापुढची वाट कंपनीनेच बंद ठेवली आहे. इंटेलमध्ये ती मोकळीक मुख्यतः ‘के’ किंवा ‘एचके’ अक्षरांच्या चिपना असते.

पण समजा, वाट मोकळी आहे. मग काय होतं? वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्के वाढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे खप सुमारे ३३ टक्के जास्त! ती सगळी उष्णता बोटभर जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची, तीही नगरच्या चाळीस अंशांत. शंभर अंशांच्या आसपास चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणजे मिळवलेलं तिथेच गेलं.

शिवाय बॅटरी तापून लवकर म्हातारी होते. चिप मदरबोर्डवर डाख दिलेली असते. ती गेली तर बोर्डच बदला. सगळ्यांत वाईट म्हणजे मुकी चूक. यंत्र बंद पडत नाही, पण आकडा चुकतो, फाइल बिघडते, आणि आपल्याला ते महिन्याने कळतं. जळालेलं यंत्र निदान खरं तरी सांगतं.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो. तो इंजिनाचा शत्रू नसतो, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग रखडण्याचं कारण काय? टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू निवांत होता, डिस्क मात्र शंभर टक्के. फिरणारी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, पंख्यातली धूळ काढली. त्याचा प्रबंध त्याच लॅपटॉपवर लिहून झाला. दोष प्रोसेसरचा नव्हताच. आपण न विचारताच त्याला शिक्षा द्यायला निघालो होतो.