घरच्या सामानाचें नाताळचें झाड

मार्गशीर्षांत धान घरीं येऊन खळीं मोकळीं झालीं, कीं इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून जाणारीं मुलें एक नवा हट्ट धरूं लागतात: 'आमच्याहि घरीं नाताळचें झाड हवें!' वडील माणसांस हा हट्ट दोन कारणांनीं रुचत नाहीं. सण परक्यांचा, ही एक तक्रार. आणि दुकानांतलें प्लॅस्टिकचें झाड, त्यावरचे चकाकणारे गोळे व झिरमिळ्या यांस पैसे फार पडतात, ही दुसरी. पहिल्या तक्रारीविषयीं आम्ही येथें वाद घालीत नाहीं. शेजाऱ्याच्या सणांत मुलांनीं आनंद मानल्यानें आपल्या देव्हाऱ्यास उणेपण येत नाहीं, असें आमचें मत आहे. दुसरी तक्रार मात्र खरी आहे, आणि तिला चिचगडसारख्या गांवीं फार चांगलें उत्तर सांपडतें.

चिचगड हें गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यांतलें, छत्तीसगडच्या सीमेकडचें गांव. सभोंवार धानाच्या बांध्या आणि त्यांपलीकडे मोह, तेंदू, पळस, ऐन व बांबू यांचें रान. युरोपांत नाताळास जें सूचिपर्णी झाड आणतात तें या रानांत उगवत नाहीं, आणि त्यावांचून अडण्याचेंहि कारण नाहीं. बांबूची हिरवी फांदी प्रथम मनांत भरते. पण तोडल्यावर तिच्या पानांच्या लवकरच सुरळ्या होतात. त्यापेक्षां बोरीची वाळलेली, पुष्कळ फाटे असलेली फांदी घ्यावी व वाळूनें भरलेल्या कुंडींत घट्ट रोंवावी. काटे हेच तिचे आंकडे. बुंदेलखंडांतल्या मुली अशाच काटेरी फांदीवर फुलें खोंवून 'मामुलिया' सजवितात व शेवटीं ती पाण्यांत शिरवितात. गुढीच्या काठीस साखरेची गाठी बांधणाऱ्या आपल्या घरांसहि ही कल्पना अगदींच अनोळखी वाटूं नये.

मूळचें नाताळचें झाड तरी दुकानांतून कोठें आलें होतें? स्ट्रासबुर्ग शहरीं लोक घरांत झाड उभें करून त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदें, पातळ पापड्या, सोनेरी बेगड व साखर टांगतात, असें १६०५ सालच्या एका वर्णनांत आहे. कांचेचे गोळे पुढें जर्मनींतल्या लाउशा गांवच्या कारागिरांनीं प्रसिद्धीस आणले. १८४८ सालीं लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानें व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचें झाड छापलें, आणि मग ही चाल घरोघर पसरली.

आमच्या मतें चिचगडच्या झाडाचा मुख्य अलंकार धानाच्या लोंब्यांची झालर हाच असावा. छत्तीसगडांत दिवाळीच्या सुमारास अशा झालरी विणून दारावर टांगतात. पाखरांनीं येऊन दाणे टिपावे, हा हेतु. झाडासाठीं तिचीच लहान आवृत्ति करावी. मळणीपूर्वीं एक पेंढी बाजूस काढून ठेवावी. लोंब्या वीतभर देंठांसह कापाव्या व देंठांवरचीं पातीं सोलून टाकावीं. वाळलेला देंठ वांकवितांच मोडतो. म्हणून देंठ तासभर कोमट पाण्यांत ठेवून मग ओल्या फडक्यांत गुंडाळावे. लोंब्या मात्र पाण्याबाहेर राहूं द्याव्या. तीन देंठांची वेणी घालण्यास आरंभ करावा, आणि दर पेडाबरोबर एक नवी लोंबी आंत घेत जावें, म्हणजे साऱ्या लोंब्या एकाच बाजूस लोंबूं लागतात. केसांची वेणी येणाऱ्या मुलीस हें लगेच साधतें. मुलग्यांनींहि शिकण्यास हरकत नाहीं. वेणीचीं दोन्ही टोकें जुळवून दोऱ्यानें बांधलीं, कीं कंकण तयार झालें. वाळल्यावर त्याचा पिवळा रंग असा खुलतो, कीं बेगडी चमक त्यापुढें फिकी पडावी.

लाह्यांच्या माळा लहान मुलांकडे सोंपवाव्या. साळीच्या लाह्या ठिसूळ, सुई लागतांच फुटतात. मक्याच्या घ्याव्या, आणि त्याहि आदल्या दिवशींच्या. रात्रभर उघड्या राहिल्या म्हणजे किंचित् सादळतात व सुई सहज पार जाते. (रात्रींतून त्यांतल्या बऱ्याच पोटांत जातात, त्याला आमचा इलाज नाहीं.) संक्रांतीस हलव्याचे दागिने करणाऱ्या हातांस याहून अधिक सांगणें नको.

शेंड्यावरचा तारा म्हणजे आपला आकाशकंदीलच. गोव्यांत व वसईकडे नाताळास दारापुढें ताऱ्याचेच कंदील लावतात. सारख्या लांबीच्या पांच कामट्या एकमेकींवरून घेऊन टोकें बांधलीं, कीं सांगाडा झाला. कागद डकविण्यास खळहि विकत आणूं नये. चिंचोके भाजून, टरफलें काढून, रात्रभर भिजवून बारीक वाटावे व पाण्यांत शिजवावे. ओडिशाचे पटचित्रकार आपल्या कापडास हीच खळ देतात. ती फार टिकत नाहीं, वाटीभरच करावी.

रानांत लाल-काळ्या गुंजा मिळतात व मुलांस त्यांची भूल पडते. त्या झाडावर मुळींच नकोत. गुंजेचें बीं जहाल विषारी. माळेसाठीं भोंक पाडलेलें तर अधिकच, कारण कठीण कवचामागचें विष मोकळें होतें. रिठ्याच्या काळ्या बिया ओंवाव्या. दुसरी भीति आगीची. पूर्वीं युरोपांत झाडावर मेणबत्त्या लावीत व घरें पेटत. १८८२ सालीं एडिसनचे सहकारी जॉन्सन यांनीं न्यूयॉर्क येथें विजेचे दिवे लावून वाट दाखविली. आपलें झाड तर काटक्या, पेंढा व कागद यांचें. त्याजवळ ज्योत नकोच. समई समोरच्या भिंतीशीं ठेवावी.

कोणी विचारील, हें नाताळचें झाड राहिलें कोठें? रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ सालीं आगगाडीनें राजनांदगावला जात असतां एका युरोपियन प्रवाशानें त्यांस नवा करार दिला. गोंदियावरून जाणारा तोच हा लोहमार्ग. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण त्यांची ख्रिस्तभक्ति अभंगांतून व कीर्तनांतून बोलली, आणि तिचें ख्रिस्तीपण त्यानें कमी झालें नाहीं. मग झाडानें धानाचीं कंकणें घालण्यास कोणती हरकत?

सहा जानेवारीस झाड उतरवितात. त्या दिवशीं झालर सोडून ओसरीच्या तुळईस टांगावी. नॉर्वेंत नाताळास ओटची पेंढी पाखरांसाठीं बाहेर लावतात, तसेंच हें. लाह्याहि अंगणांत पसराव्या. त्यांतला दोरा मात्र आधीं ओढून घ्यावा. तो चिमण्यांच्या पायांत अडकतो.