भावफलकावरचे तीन आकडे

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगावी, बाजार आवारात लिलाव सुरू होण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या आणि पिकअप गाड्यांच्या ज्या रांगा लागतात, त्या लांबून पाहणाऱ्यास केवळ कांद्याचे ढीग दिसतात. परंतु त्या रांगेत उभा असलेला प्रत्येक शेतकरी आपल्यापुढे किती गाड्या आहेत आणि आपल्यामागे किती येऊन लागल्या, याची मोजदाद मनाशी सारखी करीत असतो, कारण आजच्या भावाचे अर्धे उत्तर त्या मोजदादीत आहे, हे त्याला अर्थशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचता ठाऊक असते. उरलेले अर्धे उत्तर त्याच्या हाती नसते. ते कुठे असते, हे समजून घ्यावयाचे तर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, आपण बहुधा न वाचताच उलटतो त्या बाजारभावाच्या कोष्टकापासून आरंभ करावा हे बरे.

त्या कोष्टकात आवकेच्या आकड्यापुढे दर क्विंटलचे, म्हणजे शंभर किलोंचे, तीन भाव दिलेले असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. यांतील कमाल भाव चटकन नजरेत भरतो आणि तोच तोंडोतोंडी पसरतो. वस्तुतः तो कधी कधी एखाद-दुसऱ्या ट्रॉलीलाच मिळालेला असतो. किमान भाव गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, किंवा डागी मालाचा असण्याचा संभव असतो. सर्वसाधारण भाव मात्र या दोहोंची बेरीज करून तिला दोनांनी भागून काढलेला नसतो. त्या दिवशी मालाचा सर्वांत मोठा हिस्सा ज्या भावाच्या आसपास विकला गेला, तो भाव सर्वसाधारण समजावयाचा. म्हणून किमान आणि कमाल या दोहोंत मोठे अंतर असूनही सर्वसाधारण भाव किमानाला चिकटलेला दिसला, तर त्या दिवशी बहुतेकांची निराशा झाली असे खुशाल समजावे, मग कमाल भावाचा आकडा कितीही भरघोस असो.

एका ट्रॉलीचा सौदा किती वेळात उरकतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ध्यानी येत नाही. ताडपत्री दूर सारली जाते, व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीभोवती जमतो, कोणी वरचा एक कांदा उचलून त्याची मान अंगठ्याने दाबून पाहतो, कारण मान मऊ असेल तर माल टिकावयाचा नाही. कोणी पत्ती, म्हणजे वरचे साल, पक्की आणि चकचकीत आहे की बोट लावताच सुटते हे तपासतो. कोणाची नजर जोडकांद्यांवर आणि डेंगळ्यांवर, म्हणजे फुलाचा दांडा आलेल्या कांद्यांवर, असते. बाजार समितीचा कर्मचारी भाव पुकारतो, बोली काही रुपयांनी चढते, पुन्हा काही रुपयांनी चढते, आणि थांबते. चार महिने राबून काढलेल्या पिकाची किंमत ठरावयास काही मिनिटेही लागत नाहीत. मग ट्रॉली भुईकाट्यावर आणि तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तेथे माल ओतल्यावर आतला कांदा वरच्यासारखा निघाला नाही असे व्यापाऱ्याचे म्हणणे पडले, तर ‘वांधा’ उभा राहतो आणि पुकारलेल्या भावातून काही कमी करण्याची घासाघीस चालते. ही घासाघीस रिकाम्या झालेल्या ट्रॉलीशेजारी उभे राहून करावी लागते, आणि ओतलेला कांदा पुन्हा भरून परत नेणे म्हणजे मजुरी, भाडे आणि दिवस या तिन्हींवर पाणी सोडणे असते. माझ्या मते, रोजच्या भावांतील चढउतारांचे मर्म याच एका ठिकाणी आहे. भाव मालाच्या प्रतीवर ठरतो हे खरे. पण त्याहून अधिक तो कोणाला थांबता येते आणि कोणाला येत नाही, यावर ठरतो.

खाणाऱ्याच्या बाजूने हीच गोष्ट पाहावी. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि महागला म्हणून निम्म्यावर येत नाही. आवक थोडी हलली तरी भाव पुष्कळ हलतो तो यामुळेच. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हेनंट याने १६९९ साली प्रसिद्ध केलेले, आणि पुढे ग्रेगरी किंग याच्याही नावाशी जोडले गेलेले, धान्याविषयीचे एक कोष्टक या संदर्भात अवश्य आठवावे: पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी चढतो, दोन दशांशांनी घटले तर आठ, आणि तीन दशांशांनी घटले तर सोळा दशांशांनी. हे प्रमाण प्रत्येक जिनसास आणि प्रत्येक काळास तंतोतंत लागू पडेल असे नव्हे. तथापि तूट आणि तेजी एकाच पावलाने चालत नाहीत, तेजी पुढे धावते, हे त्यातील तत्त्व लासलगावलाही तितकेच खरे आहे. उलट दिशेनेही ते खरे ठरते, आणि तेथे ते फार निष्ठुर होते: पीक थोडे अधिक आले की भाव त्या मानाने कितीतरी अधिक पडतो, आणि चांगल्या वर्षी शेतकऱ्याच्या हाती वाईट वर्षाहून कमी रक्कम येते.

बाजार बंद राहण्याचे दिवसही भावात उतरतात. लासलगावला अमावास्येस लिलाव न करण्याची रूढी दीर्घकाळ पाळली जात असे. सणावाराच्या सुट्या असतात, आर्थिक वर्षाच्या अखेरीस हिशेबासाठी काही दिवस व्यवहार थांबतात. घरी साठलेला माल या सुट्यांनंतर एकदम आवारात येतो आणि पहिल्याच दिवशी आवक फुगते.

मग शेतकऱ्याने थांबावे, हा सल्ला शहरातून फार सहज दिला जातो. खरिपाचा आणि रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा, कांदा फारसा टिकतच नाही, तेव्हा त्यांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. उन्हाळ कांदा मात्र हवेशीर चाळीत काही महिने राहतो. पण चाळीतला कांदा वजनाने सुकतो, काही सडतो, काहीला मोड येतात. समजा, एप्रिलमध्ये शंभर क्विंटल कांद्याला हजार रुपयांचा भाव होता आणि सप्टेंबरपर्यंत त्याचा चौथा हिस्सा गेला, तर उरलेल्या पंचाहत्तर क्विंटलांना १,३३३ रुपये मिळाले म्हणजे केवळ मूळची एक लाखाची रक्कम हाती येते. चाळीचा खर्च, पुन्हा निवडण्याची आणि भरण्याची मजुरी, आणि पीककर्जाचे व्याज त्यात धरलेलेच नाही. थांबण्याची ही किंमत मोजूनही जो थांबतो, त्याच्यासमोर मग सरकारी हुकूम येऊन उभा राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. ७ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, भाव कोसळले, जिल्ह्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, आणि ती बंदी ४ मे २०२४ पर्यंत उठली नाही. शहरातील गृहिणीच्या पिशवीचा विचार सरकारने करू नये असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्या दिवशी अधिसूचना निघते त्या दिवशी ट्रॉली भरून रस्त्यावर असलेल्या माणसाचा विचार त्याच दप्तरात कोणी करीत असेल, असे दिसत नाही.

लिलावाचे हे सारे निदान उघड्यावर चालते, ही गोष्ट लहान नव्हे. पूर्वी सौदे ‘हत्ता’ पद्धतीने होत: रुमालाखाली दोघांचे हात एकमेकांत गुंतत, बोटांच्या दाबातून आकडे सांगितले जात, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला भाव कळत नसे. आपल्याकडे भावांवर देखरेख नवी नाही. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांत बाजारातील निरखाची व्यवस्था होतीच. पण उघड लिलाव, मापारी, नोंद आणि पट्टी ही रचना कायद्याने आली. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ साली कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा, आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली. लासलगावची समिती १९४७ सालची. भावफलकावरचे तीन आकडे ही या दीर्घ खटाटोपाची कमाई आहे.

गुरांच्या बाजारात मात्र रुमाल अजून पुरता गेलेला नाही. तेथे कोष्टक नाही आणि क्विंटलही नाही. प्रत्येक जनावर ही एक निराळी प्रत असते. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, बैलाचा ओठ वर करून दात पाहतो: आदत आहे, दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला; खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मग उपरण्याखाली हात घालून दलालाच्या बोटांनी भाव बोलतो. तरीही या एकेकट्या सौद्यांना ऋतूची एक सामाईक लय असते. मृगाच्या आधी औताचा बैल महाग होतो. बकरी ईदेच्या आधी बोकड चढतो. श्रावण लागला की कोंबडीची मागणी उतरते, आणि पूर्ण वजनाला आलेला पक्षी खाद्य खात बसून राहतो म्हणून पोल्ट्रीवाल्याला मिळेल त्या भावाने तो काढावा लागतो.

दुष्काळात तर धान्याचे आणि गुरांचे भाव एकमेकांकडे पाठ करून चालू लागतात. पाऊस गेला की ज्वारी चढते, कडबा तिच्याही पुढे चढतो, आणि बैल पडतो. कारण ज्याच्या गव्हाणीत वैरण उरली नाही त्याला पुढच्या बाजाराची वाट पाहता येत नाही, आणि आसपासच्या सगळ्या गावांची तीच स्थिती असल्याने घेणारेही नसतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हे दुर्दैव मोठ्या प्रमाणावर पाहिले. ज्या हाताने महाग धान्य घ्यावयाचे, त्याच हाताने दावणीचा बैल स्वस्तात सोडावयाचा, आणि पुढच्या पेरणीला तोच बैल दुप्पट किमतीने शोधीत हिंडावयाचे, असा हा फेरा आहे.

पण एखाद्या साली असेही होते, की जूनमधल्या कोरड्या आठवड्यात मालक बैल घेऊन बाजारात उभा आहे, हेड्याने सांगितलेला आकडा ऐकून तो मान खाली घालून होकाराच्या अगदी काठावर आला आहे, विसार हातावर पडावयाचाच आहे, आणि पश्चिमेकडून ढग येऊन पहिली जोरदार सर कोसळते. मग तो विसार घेत नाही. उपरण्याखालून हात काढून घेतो, बैलाच्या पाठीवर पोते टाकतो आणि कासरा धरून गावाकडे चालू लागतो, आणि हेडी भर पावसात त्याच्यामागे चार पावले येत आकडा वाढवीत राहतो.