मावशी, सुया आणि अठ्ठ्याऐंशी टाके

विणणारं माणूस टाके मोजत असताना त्याला कधी हाक मारू नका. आमच्या मावशीला आम्ही विचारायचो, "मावशी, चहा घेणार का?" मान वर न करता ती म्हणायची, "त्रेसष्ट!" पुन्हा विचारलं की, "चौसष्ट!" तिसऱ्यांदा विचारलं की सुया मांडीवर टाकायची. "घालवलात ना आकडा? आता पुन्हा पहिल्यापासून!" चहा मात्र ती घ्यायचीच.

मावशी विणायला शिकली १९६२ साली. चीनने हल्ला केला होता आणि हिमालयाच्या थंडीत लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते. देशभरच्या आयाबाया आणि शाळेतल्या मुली लोकर घेऊन बसल्या. बारा वर्षांच्या मावशीने मफलर विणायला घेतला. सुरुवातीला चाळीस टाके होते, शेवटी मोजले तर बावन्न! नवशिक्यांचं असंच होतं, नकळत जादा टाके उचलले जातात. त्यामुळे मफलर एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला उपरण्याएवढा रुंद झाला. तरी तो पाठवला. कुणा जवानाच्या गळ्यात गेला असेल, हे आठवून मावशी अजून हसते. मग जरा वेळ गप्प होते.

पुढे ती नर्स झाली. १९८० नंतरची काही वर्षं तिची नोकरी आंबेगाव तालुक्यात, तळेघरच्या बाजूच्या डोंगरात होती. मंचरहून घोडेगाव, डिंभे करत एसटी भीमाशंकरला जाते, त्याच रस्त्यावर तळेघर लागतं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो, ते हिरड्याची झाडं आणि करवंदं यांच्या ओढीने. पावसाळ्यात एकदाच गेलो, आणि पाऊस म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दिवसचे दिवस धुकं. दोरीवरचे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. भातखाचरात लावणी करणारी माणसं डोक्यावर इरलं नाहीतर घोंगडीची खोळ घेऊन वाकलेली.

असल्या ओलीत लोकर टिकवायची कशी? मावशीने ती पत्र्याच्या डब्यांत भरली होती. काका म्हणायचे, "आमच्या घरात तूरडाळ शोधायला गेलं की गुलाबी लोकर सापडते, आणि लोकर शोधायला गेलं की मावशी ओरडते."

आम्हा भाचरांना तिथे एक ठरलेलं काम असे. दोन्ही हात पुढे करून बसायचं. हातांवर लोकरीची लडी चढवायची आणि मावशी तिचा गुंडा करायची. हात हलवायचे नाहीत. नाक नेमकं तेव्हाच खाजायचं!

एकदा शेजारच्या आजीबाई बराच वेळ सुयांकडे बघत बसल्या. अंगावर त्यांची घोंगडी होतीच. म्हणाल्या, "बाई, आमची घोंगडी बी इणत्यात आन् तुमचं ह्ये बी इणत्यात. मग तुमचं ताणतंय कसं?"

प्रश्न अगदी नेमका होता. घोंगडी मागावर विणतात. उभे धागे ताणलेले असतात आणि आडवे त्यांच्यातून खाली-वर जातात, म्हणून कापड घट्ट बसतं. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याचा एक फास करायचा, फासातून दुसरा फास ओढायचा, आणि असं शेवटपर्यंत. हे फास ओढले की रुंदावतात, सोडले की पुन्हा जागेवर येतात. आणखी एक गंमत म्हणजे टोक सापडलं की अख्खा स्वेटर सरसर उसवून पुन्हा गुंडा करता येतो. आजीबाईंना हे फार आवडलं. "म्हंजे चुकलं तरी वाया जात न्हाई," त्या म्हणाल्या.

त्याच आजीबाईंच्या सुनेची ही गोष्ट. मावशीने ती आम्हाला पुष्कळदा सांगितली आहे.

भर श्रावणात सून वेळेच्या आधीच बाळंत झाली. बाळाचं वजन जेमतेम दीड किलो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि रस्त्यावर दरड आली होती, म्हणजे मोठ्या दवाखान्यात जायची सोय नाही. बाळ थंड पडू लागलं. इवल्याशा बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि ऊब तिथून भराभर निघून जाते. मावशीने बाळाला कोरडं पुसलं, आईच्या उघड्या छातीवर निजवलं आणि वरून कोरडी घोंगडी घातली. मग मोठ्या ऐटीत आपल्या डब्यातलं पिवळं टोपडं काढलं. नेहमीचं माप, अठ्ठ्याऐंशी टाके. घातलं तर ते थेट बाळाच्या हनुवटीपर्यंत उतरलं!

आजीबाई म्हणाल्या, "बाई, ह्यात पोर बुडून जाईल की!"

त्या तसल्या वेळीही सगळ्यांना हसू आलं. बाळाच्या आईलासुद्धा. मावशीने बाळाच्या डोक्याला तात्पुरतं मऊ फडकं गुंडाळलं, टोपडं उसवलं आणि कंदिलाच्या उजेडात अडुसष्ट टाके घातले. सुया दहा नंबरच्या. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटं गणितही आम्ही मावशीकडूनच शिकलो. दर थोड्या वेळाने उठून ती बाळाचे पाय हातात घेऊन बघायची, गरम आहेत का. एकदा घाईत टाका गळला. सात ओळी खाली गेलेला तो टाका तिने डोक्यातल्या पिनेने वर उचलून आणला. पहाटे टोपडं झालं. ते बरोब्बर बसलं. रस्ता दोन दिवसांनी मोकळा झाला, तोवर बाळ आईच्या छातीवरून खाली उतरलं नाही.

आईच्या छातीची ऊब देण्याची ही रीत १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी सुरू केली. तिथे बाळं जास्त आणि काचेच्या पेट्या कमी होत्या. कांगारूचं पिल्लू आईच्या पिशवीत राहतं, म्हणून तिला 'कांगारू' पद्धत म्हणतात. आज जगभरच्या दवाखान्यांत ती वापरतात, आणि त्या बाळांच्याही डोक्यावर टोपडं असतंच. मावशीला तेव्हा बोगोटाचं नावही ठाऊक नव्हतं.

वर्षभराने आजीबाई ते टोपडं धुऊन परत घेऊन आल्या. सोबत पायलीभर तांदूळ. "तुम्हीच म्हणालात ना, उसवता येतं म्हणून? आता दुसऱ्या पोराला घाला." मावशीने ते उसवलं आणि त्याच पिवळ्या लोकरीचं नवं टोपडं केलं. ते परत आलं की आणखी एक. अशी किती डोकी त्या एका धाग्याने झाकली, हे मोजायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं.

आता मुलग्यांना एक सांगतो. मी विणायला बसलो की मित्र म्हणायचे, "हे काय बायकांचं काम!" २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या टॉम डेली याने पाण्यात सूर मारून सुवर्णपदक जिंकलं. नंतर तो प्रेक्षकांत बसून विणताना साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिला. पदकावर चरे पडू नयेत म्हणून त्याने चक्क पदकाची पिशवी विणली होती! आणि ऑस्ट्रेलियातले एक आजोबा वयाची शंभरी उलटल्यावर पेंग्विनांसाठी स्वेटर विणायचे. समुद्रात सांडलेलं तेल पिसांना लागलं की पेंग्विन ते चोचीने साफ करतात आणि विष पोटात जातं. स्वेटर घातला की चोच पिसांपर्यंत पोचत नाही. पेंग्विनाचं माप कसं घेत असतील, हा मावशीचा खरा प्रश्न आहे.

मावशी आता पंच्याहत्तरीत आहे. डोळ्यांना बारीक दिसत नाही, म्हणून टाके बोटांनी चाचपून विणते. सध्या माझा स्वेटर चालू आहे. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब झाली आहे. परवा मी भीत भीत दाखवली.

"मग उसव," ती म्हणाली, "आणि हात पुढे कर."

मी हात पुढे केले. नाक लगेच खाजायला लागलं.