डेल्फ्ट मृत्पात्री

नेदर्लंड्समधील डेल्फ्ट या शहराच्या नावाने ओळखली जाणारी, पांढऱ्या कथिल झिलईवर निळे नक्षीकाम केलेली मातीची भांडी. चिनी पोर्सलीनचे अनुकरण करण्याच्या हेतूने ती सतराव्या शतकात तयार होऊ लागली. तत्कालीन डच लोक त्यांना पोर्सलीनच म्हणत. परंतु पोर्सलीनला आवश्यक असणारी केओलिन माती व ती भाजण्याचे तंत्र यांचे ज्ञान त्या वेळी यूरोपात नव्हते. त्यामुळे हे अनुकरण बाह्य रूपापुरतेच होते.

कथिल झिलईची कला इटलीतून अँटवर्प येथे आली. १५८५ मध्ये ते शहर स्पॅनिश सैन्याच्या हाती पडल्यानंतर तेथील अनेक कुंभार उत्तरेकडे स्थायिक झाले. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली. पुढील वर्षी डचांनी सिंगापूरनजीक ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यावरील चिनी भांड्यांचा १६०४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लिलाव झाला आणि या भांड्यांचे आकर्षण वाढले. मिंग घराण्याच्या अस्ताच्या (१६४४) सुमारास चीनमधील अंतर्गत युद्धांमुळे ही आयात घटली. ती उणीव भरून काढण्याची संधी डेल्फ्टच्या कुंभारांना मिळाली. तेथील मद्यनिर्मितीचा धंदा खालावल्याने ओस पडलेल्या वास्तूंत मृत्पात्रींचे कारखाने निघाले.

स्थानिक माती व चुनखडीयुक्त माती यांच्या मिश्रणाचे भांडे प्रथम एकदा भाजून ते कथिलयुक्त पांढऱ्या झिलईच्या द्रवात बुडवीत. वाळलेल्या झिलईवर सुईने भोके पाडलेला कागद ठेवून त्यावर कोळशाची पूड थोपटीत. अशा रीतीने उमटलेल्या ठिपक्यांच्या आधारे कोबाल्टच्या रंगाने चित्र रेखाटीत. कच्ची झिलई रंग तत्काळ शोषून घेत असल्याने चुकलेली रेषा पुसता येत नसे. शेवटी पारदर्शक शिसे-झिलईचा हात देऊन भांडे पुन्हा भाजीत. अस्सल पोर्सलीन घट्ट व काचसम असून त्याच्या पातळ भागातून प्रकाश आरपार जातो. डेल्फ्ट भांडे अपारदर्शक असते व काठावरचा टवका उडाल्यास आतील पिवळसर, सच्छिद्र माती दिसते.

आरंभीच्या नक्षीत चिनी मानवाकृती, पक्षी व फुले यांचे प्राबल्य होते. पुढे डच निसर्गदृश्ये, जहाजे व बायबलमधील प्रसंगही चितारले जाऊ लागले. चिनी परंपरेत नसलेले पात्रांचे आकारही निर्माण झाले. ‘द ग्रीक्स आ’ या कारखान्याचे मालक आद्रियानुस कॉक्स यांनी इंग्लंडची राणी दुसरी मेरी हिच्यासाठी घडविलेली मनोऱ्यासारखी पुष्पपात्रे हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आहेत. त्यांतील प्रत्येक तोटीत एकेक फूल खोचता येते. अनुकरणातून निघालेली ही कला अशा प्रकारे स्वतंत्र झाली.

माइसेन येथे १७१० मध्ये अस्सल पोर्सलीनचा कारखाना निघाला व अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिकाऊ, स्वस्त इंग्रजी मृत्पात्री बाजारात आल्या. त्यांपुढे सहज टवके उडणाऱ्या डेल्फ्ट भांड्यांचा निभाव लागला नाही आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. १६५३ मध्ये स्थापन झालेला ‘द पोर्सलेन फ्लेस’ हा कारखाना मात्र टिकला. योस्ट थोफ्ट यांनी १८७६ मध्ये तो विकत घेऊन निळ्या-पांढऱ्या पात्रांच्या निर्मितीचे पुनरुज्जीवन केले. जुन्या डेल्फ्ट मृत्पात्रींचा मोठा संग्रह ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझीयममध्ये आहे.