आजारानंतरचं शरीर (लेखांक सहावा) : ताप उतरला, साखर चढली

गेल्या लेखांकात फुप्फुसांवर राहिलेले व्रण पाहिले. आज रक्तातली साखर आणि चरबी.

नवी मुंबईतला तुर्भ्याचा घाऊक बाजार आठवा. कोविड इतका पसरला की ११ ते १७ मे २०२० असा आठवडाभर बाजार समिती बंद ठेवावी लागली. माथाडी, मापाडी, वारणार, टेम्पोवाले, व्यापारी असे कितीतरी जण आजारी पडले आणि पुढे पुन्हा कामाला लागले. पण अंगातला विषाणू संपला म्हणजे शरीर पूर्वीसारखं झालंच असं नाही.

याचा धडा कोविडच्याच कुळातल्या विषाणूमुळे होणाऱ्या सार्सने आधीच दिला होता. २००३च्या साथीतून वाचलेल्या चीनमधल्या २५ जणांना बारा वर्षांनी तपासलं, तेव्हा ६८ टक्क्यांच्या रक्तात चरबी वाढलेली होती आणि ६० टक्क्यांच्या साखरेत बिघाड होता. हा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं थोडी, शिवाय त्यांना स्टेरॉइडचे मोठे डोस मिळालेले, त्यामुळे दोष एकट्या विषाणूवर टाकता येत नाही. कोविडनंतर मात्र मोठा पुरावा आला. अमेरिकेतल्या कोविड झालेल्या १ लाख ८० हजारांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींत, कोविड न झालेल्यांच्या तुलनेत मधुमेहाचा धोका वर्षभरात सुमारे ४० टक्के जास्त दिसला. ज्यांना रुग्णालयात जावं लागलं नाही त्यांच्यातही तो वाढलेला होता.

हे घडतं कसं? संसर्गाशी लढताना सूज आणणारी रसायनं वाढतात आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. स्टेरॉइडने जीव वाचतो, पण यकृत जास्त साखर रक्तात सोडू लागतं. औषध थांबल्यावर बहुतेकांची साखर उतरते, काहींची उतरत नाही. काही रुग्णांच्या स्वादुपिंडातही विषाणू सापडला आहे. काहींचा मधुमेह आधीपासूनच होता, तो फक्त तपासणीत उघड झाला.

माथाड्यांच्या बाबतीत मला आणखी एक कारण सर्वांत महत्त्वाचं वाटतं : स्नायू. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू उचलतात, आणि राबणारा स्नायू ती इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतो. आजारपणात अंथरुणावर स्नायू झडतात. नंतर दम लागतो म्हणून माणूस पोती सोडून हलकं काम धरतो, ताटातला भात मात्र तेवढाच राहतो. "दिवसभर ओझं वाहणाऱ्याला कसली शुगर?" हा समज म्हणूनच घातक आहे. ओझं सुटलं की ते संरक्षणही सुटतं.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर अजून वेळ हातात आहे. १२६ किंवा अधिक आली तर पुन्हा तपासून घ्या आणि डॉक्टरांना गाठा. साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि रक्तातली चरबीही एकदा पाहून घ्या. ज्यांना कोविडमध्ये ऑक्सिजन किंवा स्टेरॉइड लागलं, त्यांनी ही तपासणी दरवर्षी करावी. पहाटे बाजारात जाण्याआधी चहा न पिता रक्त देता येईल असा एक दिवस या आठवड्यातच ठरवा.