सुरतेचा मुद्देमाल

सक्तवसुली संचालनालयाची, म्हणजे ईडीची, प्रसिद्धिपत्रकं एका साच्यातली असतात: कायद्याचं कलम, छाप्यांच्या तारखा, जप्त मालाची यादी. फेब्रुवारी 2025 मधलं एक पत्रक मात्र दोनदा वाचावं असं आहे. 11 आणि 15 फेब्रुवारीला गुजरातेत झडत्या झाल्या. हाती काय लागलं? साडेतेरा लाख रुपये रोकड, एक लेक्सस गाडी आणि सुमारे 1,646 कोटी रुपयांचं आभासी चलन. एवढी मोठी क्रिप्टोजप्ती ईडीने तोवर कधी केली नव्हती.

गाडीला सील लावता येतं, रोकड मोजून पाकिटात घालता येते. बिटकॉइनचं तसं नाही. ज्याच्याकडे खासगी किल्ली, म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा, त्याचा माल. आरोपीचा लॅपटॉप उचलून आणला आणि त्या किल्लीची नक्कल त्याच्या भाच्याच्या वहीत राहिली, तर रात्रीतून सगळं साफ. म्हणून अशा जप्तीत नाणी सरकारच्या स्वतःच्या वॉलेटवर वळती करावी लागतात, आणि इथेही तसंच झालं. पंचनाम्याच्या ओघात भारत सरकारच्या एका खात्याकडे हजार कोटींवर किमतीचं क्रिप्टो जमा झालं. तसं ठरवून मात्र कोणी काही केलं नव्हतं.

ठरवून करणारे बाहेर बरेच आहेत. अमेरिकेतल्या मायक्रोस्ट्रॅटेजी कंपनीने ऑगस्ट 2020 मध्ये पंचवीस कोटी डॉलर घालून 21,454 बिटकॉइन घेतले आणि कंपनीच्या गंगाजळीत डॉलरऐवजी बिटकॉइन ठेवायची रूढी पाडली. एल साल्वादोर, भूतान, टोकियोची मेटाप्लॅनेट ही पुढची नावं वाचकांच्या ओळखीची असतील.

भारतात या वाटेने जायचं धाडस केलं ते मुंबईच्या जेटकिंगने. हार्डवेअर-नेटवर्किंगचे क्लास म्हटल्यावर एका अख्ख्या पिढीला हेच नाव आठवतं. डिसेंबर 2024 मध्ये या कंपनीने बिटकॉइन हीच आपली मुख्य राखीव मालमत्ता असेल असं जाहीर केलं. पुढे समभाग विकून उभारलेला पैसा क्रिप्टोत घालायचा बेत दिसताच मुंबई शेअर बाजाराने त्या समभागांच्या नोंदणीला नकार दिला. इथे बिटकॉइन बाळगणं गुन्हा नाही. 2018 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केली. 2022 पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे. एप्रिल 2021 पासून कंपन्यांना हिशेबपत्रकात आपल्याकडचं क्रिप्टो दाखवावं लागतं. म्हणजे बाळगा, दाखवा, कर भरा. फक्त त्यासाठी लोकांकडून भांडवल मागू नका. रिझर्व्ह बँकेची स्वतःची भिस्त सोन्यावर आहे. मार्च 2025 अखेर तिच्याकडे सुमारे 880 टन सोनं होतं. 1991 मध्ये विमानाने परदेशी गहाण गेलेलं सोनं आठवणाऱ्या संस्थेला पडद्यावरच्या आकड्यांचा भरवसा वाटू नये, यात नवल नाही.

थोडक्यात, पुढच्या दाराने क्रिप्टोला मज्जाव आहे. मागच्या दाराने ते आलं, आणि ते दार सुरतेत उघडतं.

मराठी माणसाला सुरत म्हटलं की 1664 आणि 1670 ही सालं आठवतात. त्या काळी सुरत ही मोगलांची टांकसाळ होती, वीरजी व्होरासारखे सराफ ईस्ट इंडिया कंपनीला कर्ज देत. आजचं सुरत हिऱ्यांचं आणि कापडाचं. वराछा, कतारगाम, महिधरपुरा या भागांत सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती आहे, आणि लाखोंचा माल तोंडी शब्दावर हातोहात फिरतो. आंगडियाकडे पाकीट द्यायचं, दुसऱ्या गावी नोटेचा नंबर सांगून उचलायचं. कागदावाचून विश्वास ठेवायची सवय असलेल्या या बाजारात बिटकनेक्ट ही क्रिप्टो कंपनी रुजली, आणि फेब्रुवारी 2025 ची ती जप्ती तिच्याच प्रकरणातली.

अमेरिकी सरकारच्या आरोपपत्रात या कंपनीच्या संस्थापकाचा पत्ता ‘हेमल, भारत’ असा आहे. हेमल हे अमरेली जिल्ह्यातलं खेडं. संस्थापक सतीश कुंभाणी. योजना सोपी होती: तुमचे बिटकॉइन आम्हाला द्या, बदल्यात आमचं नाणं घ्या, आमचा ‘ट्रेडिंग बॉट’ चढउतारातून महिन्याला चाळीस टक्क्यांपर्यंत कमाई करून देईल. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे हा कारभार नोव्हेंबर 2016 ते जानेवारी 2018 चालला. नोटाबंदीचा महिना आणि हा आरंभ एकच, हा योगायोग असेलही. ऑक्टोबर 2017 मध्ये थायलंडच्या पट्टायात जंगी सोहळा झाला. जानेवारी 2018 मध्ये टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांनी मनाईचे आदेश काढले, 16 तारखेला योजना गुंडाळली गेली, आणि 400 डॉलरच्या वर गेलेलं नाणं काही दिवसांत कवडीमोल झालं. बॉट वगैरे काही नव्हतंच, जुन्यांना नव्यांच्या पैशातून दिलं जात होतं, असं अमेरिकी तपासयंत्रणा म्हणतात. त्यांच्या मते घोटाळा 240 कोटी डॉलरचा. कुंभाणी फरार.

इथवर ही नेहमीची साखळी योजना. खरी गोष्ट पुढच्या चार आठवड्यांची आहे, आणि तिच्या मध्यभागी आहे शैलेश भट्ट हा सुरतेचा व्यावसायिक.

भट्टचे पैसे बिटकनेक्टमध्ये अडकले होते. ईडीचा आरोप असा, की पोलिसांत जाण्याऐवजी त्याने साथीदारांसह कुंभाणीच्या दोन माणसांना पळवलं आणि दोन हजारांहून अधिक बिटकॉइन, 11,000 लाइटकॉइन आणि साडेचौदा कोटी रुपये उकळले. वसुली झाली, पण बातमी फुटली. 11 फेब्रुवारी 2018 रोजी भट्टलाच गांधीनगरजवळून उचलण्यात आलं. उचलणारे होते अमरेलीचे पोलीस. एका फार्महाऊसवर नेऊन 200 बिटकॉइन काढून घेतले, अशी तक्रार घेऊन तो सरकारदरबारी गेला आणि राज्याच्या सीआयडीने तपास सुरू केला. अमरेलीचे पोलीस अधीक्षक जगदीश पटेल गजाआड गेले. याच प्रकरणातले आरोपी माजी आमदार नलिन कोटडिया काही महिने गायब राहिले आणि सप्टेंबर 2018 मध्ये सापडले ते आपल्या खानदेशात. 29 ऑगस्ट 2025 रोजी अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने या दोघांसह चौदा जणांना जन्मठेप सुनावली.

एका खटल्यात भट्ट फिर्यादी. दुसऱ्यात, म्हणजे ईडीच्या, आरोपी. ऑगस्ट 2024 मध्ये त्याला अटकही झाली. गुंतवणूकदारांकडून कंपनीकडे, कंपनीकडून भट्टकडे, भट्टकडून वर्दीकडे: दर टप्प्यावर माल हिसकावला गेल्याचा आरोप आहे आणि दर टप्प्यावर हिसकावणाऱ्याला आपली बाजू न्यायाची वाटत असावी. चोरावर मोर एवढंच म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण या चुरशीच्या वसुलीत मूळ गुंतवणूकदार कुठेच दिसत नाही.

त्याला काय मिळणार? अमेरिकेने तिथला प्रमुख प्रवर्तक ग्लेन आर्कारो याच्याकडून जप्त केलेलं क्रिप्टो विकून टाकलं, आणि जानेवारी 2023 मध्ये 40 देशांतल्या सुमारे 800 जणांना 1 कोटी 70 लाख डॉलर द्यायचा आदेश झाला. त्याच अमेरिकेने दोन वर्षांनी सूर बदलला. 6 मार्च 2025 च्या अध्यक्षीय आदेशाने जप्त बिटकॉइनचा राष्ट्रीय राखीव साठा स्थापन झाला. त्यात जमा झालेलं विकायचं नाही. मात्र पीडितांना परत देण्याची मुभा आहे. उलट टोकाला जर्मनीतलं सॅक्सनी. तिथल्या सरकारी वकिलांनी 2024 च्या उन्हाळ्यात जवळपास 50,000 जप्त बिटकॉइन विकले. किंमत घसरण्याची भीती असेल तर माल तातडीने विकावा, असं त्यांचा कायदा सांगतो. हाती आले 264 कोटी युरो. त्याच डिसेंबरात बिटकॉइन एक लाख डॉलरवर गेला आणि सॅक्सनीची यथेच्छ टिंगल झाली. टिंगल सोपी आहे. भाव अर्ध्यावर आला असता तर न विकल्याबद्दल त्याच वकिलांना कोर्टात उभं केलं असतं.

आपल्याकडे नाशवंत माल खटला संपायच्या आत विकण्याची तरतूद जुन्या फौजदारी संहितेच्या 451 व्या कलमात होती. ती लिहिताना डोळ्यांपुढे धान्य आणि गुरंढोरं असणार. मनी लॉन्डरिंगच्या कायद्यात जप्ती कायम होते ती दोष सिद्ध झाल्यावर, आणि नुकसान झालेल्यांना मालमत्ता परत देण्याची वाटही त्यात आहे. मुख्य आरोपी फरार आणि दावेदार देशोदेशी विखुरलेले असताना ही वाट लांबची ठरते. तोवर 2017 साली एक बिटकॉइन गमावलेल्या वराछ्यातल्या माणसाला त्या दिवसाचा भाव द्यायचा, आजचा द्यायचा, की नाणंच परत करायचं? 2017 च्या आरंभी बिटकॉइन हजार डॉलरच्या आसपास होता, डिसेंबरच्या मध्यात एकोणीस हजारांच्या. पहिला हिशेब धरला तर भाववाढीचा सगळा लाभ सरकारी तिजोरीत जातो. नाणंच परत केलं, तर घोटाळ्यात फसलेला माणूस बाजारात वेळेवर विकून बसलेल्या त्याच्या शेजाऱ्यापेक्षा श्रीमंत होतो. पत्रकातला ठळक आकडा रुपयांतला आहे, 1,646 कोटी, आणि तो फेब्रुवारी 2025 च्या भावाचा आहे.