पॉवर वीडर, ब्रश कटर घेताय? भावासोबत दुकानदारही पारखा

जुलै महिन्यात जालना जिल्ह्यात सगळीकडे एकच धावपळ असते. कपाशीत तण वाढलेले, सोयाबीनची कोळपणी राहिलेली, मोसंबीच्या बागेत गुडघाभर गवत आणि खुरपणीला बाई माणूस मिळत नाही. मग पॉवर वीडर, ब्रश कटर किंवा फवारणीचा पंप घ्यायचा विचार पक्का होतो. जालन्यात तीन दुकाने फिरलात तर एकाच यंत्राचे तीन भाव कळतात. छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटरवर आहे, तिथे चौथा भाव. मोबाइलवर पाहिले तर पाचवा.

अशा वेळी बरेच शेतकरी दोनपैकी एक चूक करतात. काही जण सगळ्यात कमी भाव पाहून यंत्र उचलतात आणि पुढच्या हंगामात सुट्या भागांसाठी फिरत राहतात. काही जण "आपला नेहमीचा माणूस आहे" म्हणून भाव न विचारताच घेतात आणि चार-पाच हजार जास्त मोजतात. या लेखात दोन्ही चुका टाळण्याचा हिशेब दिला आहे.

एकाच यंत्राचे भाव वेगवेगळे का?

यंत्राच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापलेली असते. तिच्यात सर्व कर धरलेले असतात. त्यापेक्षा जास्त पैसे घेणे कायद्याने चुकीचे आहे. कमी घेण्याला मात्र बंदी नाही. छापील किंमत आणि विक्रेत्याची खरेदी किंमत यांत फरक असतो आणि घासाघीस होते ती त्या फरकातच. भाव बदलण्याची मुख्य कारणे अशी:

- हंगाम: जून-जुलैत मागणी असते, तेव्हा सूट कमी मिळते. खरीप संपल्यावर, दसरा-पाडव्याला किंवा आर्थिक वर्ष संपताना माल पडून असेल तर विक्रेता खाली येतो.
- विक्रीचे उद्दिष्ट: ठरावीक नग विकल्यावर अनेक कंपन्या विक्रेत्याला जादा सूट देतात. उद्दिष्टाजवळ आलेला विक्रेता एखादा नग कमी नफ्यात देतो.
- सोबतचे साहित्य: एकाच्या भावात पाती, अवजारे, जोडणी आणि पहिली सर्व्हिसिंग धरलेली असते, दुसऱ्याच्या भावात फक्त खोके.
- सेवा: ज्याच्याकडे मेकॅनिक आणि सुट्या भागांचा साठा आहे, त्याचा खर्च जास्त असतो. तो भावातूनच निघतो.

"कंपनीच यापेक्षा कमी करू देत नाही," असे काही विक्रेते सांगतात. विक्रेत्यांच्या सवलतीवर कंपनीने बंधन घातल्याने स्पर्धेला बाधा येत असेल, तर स्पर्धा कायदा २००२ नुसार त्यावर कारवाई होऊ शकते. विक्रेत्यांना सूट देण्यापासून रोखल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकी या मोटार कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. म्हणून असे उत्तर आले तरी दुसऱ्या दुकानात चौकशी जरूर करावी.

जीएसटी तपासा

२२ सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पॉवर टिलर आणि पॉवर वीडर यात येतात. करापूर्वीची किंमत ५०,००० रुपये असेल तर पूर्वी बिल ५६,००० व्हायचे, आता ते ५२,५०० व्हायला हवे. ब्रश कटरसारख्या हातात धरून चालवायच्या यंत्रांना वर्गीकरणानुसार वेगळा दर लागू शकतो. त्यामुळे कोटेशनवर करापूर्वीची किंमत, एचएसएन क्रमांक आणि कराचा दर वेगवेगळा लिहून घ्यावा. जुनी भावपत्रके अजून कुठे कुठे फिरतात, ती ग्राह्य धरू नयेत.

कोटेशन एकाच मापाने मोजा

तोंडी भावावर तुलना होत नाही. किमान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्यावे आणि प्रत्येकात पुढील गोष्टी आहेत का ते पाहावे:

१. कंपनी, मॉडेल, इंजिनाची ताकद, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक.
२. सोबत मिळणारी पाती व अवजारे. वीडरची कामाची रुंदी किती आणि ती कमी-जास्त करता येते का.
३. वाहतूक, जोडणी आणि शेतात चालवून दाखवणे.
४. मोफत सर्व्हिसिंग किती वेळा, दुकानात की शेतावर.
५. वॉरंटी किती महिन्यांची आणि कोणते भाग तिच्याबाहेर.
६. नेहमी लागणाऱ्या भागांचे दर: पाती, पट्टा, एअर फिल्टर, प्लग, स्टार्टरची दोरी, क्लच.

दुसरा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. सोयाबीन बहुतेक १८ इंचांवर पेरलेले असते, कपाशीचे अंतर तीन-चार फूट असते. रुंद वीडर कपाशीत चालतो, सोयाबीनच्या ओळीत शिरत नाही. शिवाय काळ्या जमिनीत वाफसा नसताना पात्यांना माती चिकटते. पिकाचे अंतर आणि जमीन न विचारता यंत्र गळ्यात मारणारा विक्रेता पुढे सेवा देईल, याची शंकाच आहे. वाफसा असताना आपल्याच शेतात यंत्र चालवून पाहण्याचा आग्रह धरावा.

मोसंबी बागायतदारांनी ब्रश कटरसोबत नायलॉन दोरीचे हेड आहे का ते पाहावे. खोडाजवळ लोखंडी पाते चालवले तर सालीला जखम होते आणि तिथून डिंक्या रोगाचा शिरकाव होऊ शकतो. हे हेड वेगळे विकत घ्यावे लागणार असेल तर तेवढी किंमत त्या भावात मिळवूनच तुलना करावी.

स्वस्त यंत्र महाग कधी पडते?

एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, आपल्या गावचे दर घालून पुन्हा मांडावेत.

जवळच्या दुकानात वीडर ४६,००० रुपयांना मिळतो, लांबच्या दुकानात ४१,५०० रुपयांना. फरक ४,५०० रुपयांचा. ऐन जुलैत कार्ब्युरेटर बिघडला. लांबच्या दुकानात यंत्र नेणे, भाग मागवणे, परत आणणे यात आठवडा गेला. तेवढ्यात तण हाताबाहेर जाऊ नये म्हणून चार एकर कपाशी मजुरांकडून खुरपावी लागली. एकरी आठ मजूर आणि ३०० रुपये रोज धरला तर खर्च ९,६०० रुपये. वाचवलेल्या पैशाच्या दुपटीहून जास्त रक्कम एकाच बिघाडात गेली.

हाच हिशेब उलट बाजूनेही लागू होतो. जवळच्या दुकानदाराकडे मेकॅनिक नसेल, भाग तोही बाहेरूनच मागवत असेल, तर त्याला ४,५०० रुपये जास्त द्यायचे कशासाठी? जवळ असण्याचे पैसे द्यायचे नसतात, यंत्र लवकर सुरू करून देण्याचे द्यायचे असतात.

मोबाइलवरून किंवा पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या 'किसान'सारख्या प्रदर्शनातून यंत्र घेतानाही हाच प्रश्न विचारावा: घनसावंगी, मंठा किंवा जाफराबादच्या गावात हे बंद पडले तर कोण दुरुस्त करणार? त्या माणसाचे नाव आणि फोन मिळाला तरच त्या भावाचा विचार करावा.

उधारी म्हणजे निष्ठा नव्हे

आपल्याकडे बी-बियाणे, खते, औषधे आणि यंत्र अनेकदा एकाच दुकानातून येतात आणि एकाच खात्यावर लिहिले जातात. अडचणीच्या वर्षी तोच दुकानदार पाठीशी उभा राहिलेला असतो. ही ओळख मोलाची आहे. पण खाते फिटलेले नाही म्हणून दुसरीकडे भाव विचारायचा संकोच वाटत असेल, तर तिथे निष्ठेपेक्षा अडकलेपण जास्त आहे.

उधारीची किंमत काढता आली पाहिजे. ब्रश कटर रोखीने ३२,००० रुपयांना आहे आणि दिवाळीत पैसे देण्याच्या बोलीवर ३६,००० रुपयांना. जूनपासून पाच महिन्यांसाठी ३२,००० वर ४,००० रुपये, म्हणजे साडेबारा टक्के. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज ३० टक्के झाले. बँकेचा किंवा सोसायटीचा दर विचारून मगच ठरवावे. त्यासाठी प्रत्येक वेळी एकच प्रश्न पुरेसा आहे: "शेठ, रोखीचा भाव किती आणि उधारीचा किती?" दोन्ही कागदावर घ्यावेत.

यंत्राचे खाते निविष्ठांच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. एकत्र खात्यात कोणत्या वस्तूला किती लावले, हे दिवाळीत कळत नाही.

अनुदानावर घेताना

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना साधारणपणे ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान असते, पण त्याला यंत्रनिहाय कमाल मर्यादा असते. नेमकी मर्यादा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावी. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये. अनुदान मोका तपासणीनंतर शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते, म्हणून पूर्ण रक्कम आधी आपल्यालाच उभी करावी लागते.

काही ठिकाणी रोखीचा भाव वेगळा आणि "अनुदानाचा भाव" वेगळा सांगितला जातो. समजा, मर्यादा २०,००० रुपये आहे. यंत्राचा बाजारभाव ४४,००० असेल तर तुमच्या खिशातून २४,००० जातात. कोटेशन ५२,००० चे केले तर अनुदान तेवढेच २०,००० राहते आणि तुमचे ३२,००० जातात. वाढवलेले आठ हजार पूर्णपणे तुमचे. बिल फुगवून काही रक्कम हातात परत देण्याचा प्रस्ताव आला तर तो सरळ नाकारावा. ती शासनाची फसवणूक आहे आणि कागदावर सही तुमची असते.

कोणाकडून घ्यायचे हे निवडण्याचा अधिकार शेतकऱ्याचा आहे. मॉडेलचा अधिकृत तपासणी अहवाल आहे का, एवढे पाहावे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेसारख्या केंद्रांत या यंत्रांची तपासणी होते. इंधन किती लागते यासारख्या गोष्टी अशा अहवालात कळतात, माहितीपत्रकापेक्षा त्या जास्त उपयोगी असतात.

जुन्या दुकानदाराकडेच जावे का?

पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतःला द्यावीत:

- मागचे यंत्र बिघडले तेव्हा ते किती दिवसांत सुरू झाले?
- भाग नसताना त्याने दुसरी काही सोय करून दिली का?
- न मागता पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड दिले का?
- पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचे, हे त्याने स्वतःहून समजावले का? टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण चुकले तर पिस्टन जाम होतो आणि वॉरंटी नाकारली जाऊ शकते.
- गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊ नका, असे कधी सांगितले का?

बहुतेक उत्तरे चांगली असतील तर त्या दुकानदाराला हजार-दोन हजार जास्त देणे परवडते. पण त्यालाही बाहेरचा भाव दाखवावा. शेवटच्या पाचशे रुपयांवर अडून बसण्यापेक्षा असे बोलावे: "शेठ, भाव राहू द्या तुमचा. पण पात्यांचा एक जास्तीचा जोड, दोन फिल्टर आणि दोन सर्व्हिसिंग त्यात धरा, अन् बिलावर लिहून द्या." विक्रेत्याला हे सोपे जाते आणि तुमचा पुढचा खर्च वाचतो.

पाच-सहा जणांना तेच मॉडेल हवे असेल तर गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत एकत्र मागणी करावी. भाव तर कमी होतोच, शिवाय गावात एकाच मॉडेलची पाच यंत्रे असली की विक्रेत्याला त्याचे भाग साठवणे परवडते.

बिल आणि तक्रार

पक्के बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर इंजिन क्रमांक असावा. बिघाडाची तक्रार तारखेसह लेखी किंवा मोबाइल संदेशाने करावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. मुदत दोन वर्षांची असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

मे महिन्यात गावबैठकीत गेल्या वर्षीची कोटेशने आणि बिले एकत्र मांडावीत. कोणत्या मॉडेलचे भाग कुठे मिळतात आणि दुरुस्तीला किती दिवस लागले, याचा तक्ता ग्रामपंचायतीत लावावा. यंत्र निवडीसाठी खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल.

लक्षात ठेवा

- तीन लेखी कोटेशने. कर व साहित्य वेगळे दाखवलेले.
- आपल्या शेतात, वाफशावर चाचणी.
- रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा विचारणे.
- पूर्वसंमतीनंतरच अनुदानाची खरेदी.
- सुटे भाग आणि मेकॅनिक कुठे, हे पैसे देण्याआधी पाहणे.

ही चौकशी जूनमध्ये पेरणीच्या घाईत होत नाही. उन्हाळ्यात सवड असते, तेव्हाच दुकाने फिरून घ्यावीत.